निःशब्द मेघाचा निरोप

शब्दांवाचून प्रार्थना करता येते काय, आणि करता आली तर ती कोणापर्यंत व कशी पोचते, हा प्रश्न धर्मचिंतनात जितका जुना आहे तितकाच तो संगीतचिंतनातही जुना आहे. देवाला आळवायचे तर नाव घ्यावे लागते, नावाला शब्द लागतो आणि शब्दाला त्याचा अर्थ ठरवून देणारी भाषा लागते. वाद्याच्या तारेतून निघणाऱ्या स्वरापाशी यांपैकी काहीच नसते. तरीही त्या स्वराने माणसाचे डोळे पाणावतात आणि ऐकणाऱ्याला आपण कोणाला तरी विनवीत आहोत असे वाटते. हे वाटणे खरे मानायचे की मनाचा भास, याची चर्चा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात चेलोसाठी लिहिल्या गेलेल्या काही कॉन्चेर्टोंमुळे नव्याने करावी लागते. आणि त्या चर्चेला लागणारी सर्वांत सखोल सामग्री, योगायोगाने, विदर्भातील एका टेकडीशी जोडल्या गेलेल्या संस्कृत काव्यात आहे.

ती टेकडी म्हणजे नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर असलेले रामटेक. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील शापित यक्ष ज्या रामगिरीवरील आश्रमांत राहिला, तो रामगिरी नेमका कोणता, याबद्दल मतभेद आहेत, टीकाकार मल्लिनाथाने त्याचा अर्थ चित्रकूट असा केला, काही अभ्यासकांनी छत्तीसगडातील रामगडाचे नाव पुढे केले, परंतु महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांच्या आणि काव्यातील भूगोलाच्या आधारे रामटेकचा पक्ष मांडला, आणि महाराष्ट्रात तोच रुजला. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या रिद्धपूर ताम्रपटात रामगिरिस्वामीच्या चरणांचा उल्लेख आहे, वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन रामटेकच्या पायथ्यापासून जवळच होती, आणि काव्यातल्या रामगिरीच्या उतारावरही रघुपतीची पावले उमटलेली आहेत. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की मिराशींच्या मताचे बळ ध्यानात येते. आज टेकडीवर कालिदासाचे स्मारक आहे, गावात १९९७ मध्ये स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे, आणि आषाढाचा पहिला दिवस मराठी सुशिक्षितांच्या पंचांगात कालिदासाचा दिवस म्हणून पक्का बसला आहे.

या काव्यातील विरह सर्वांच्या ओळखीचा आहे; त्यातील तत्त्वज्ञानाचा पेच मात्र सहसा निसटून जातो. यक्ष मेघाला निरोप सांगायला उभा राहतो, तोच कवी स्वतः मध्ये येऊन विचारतो की धूर, तेज, पाणी आणि वारा यांच्या मिश्रणाने बनलेला मेघ कुठे, आणि सचेतन, समर्थ जीवांनीच नेता येतील असे निरोप कुठे. कालिदासाने ही शंका कोणा प्रतिपक्षाच्या तोंडी घातलेली नाही. ती त्याची स्वतःची आहे आणि तिचे उत्तरही तो युक्तिवादाने देत नाही. कामार्त माणसाला चेतन आणि अचेतन यांतला भेद उरत नाही, एवढेच तो म्हणतो आणि पुढे शंभराहून अधिक श्लोक त्या अचेतन मेघाला उद्देशूनच लिहितो. येथे कवीने यक्षाला वेडा ठरविले आहे, असे मानणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. कारण वेड्याच्या बोलण्यासाठी कोणी आपल्या प्रतिभेचे सर्वस्व खर्च करीत नाही. अचेतन वस्तूकडे निरोप सोपविता येतो काय, हा प्रश्न कालिदासाने खुला ठेवला आहे, आणि वाद्यसंगीताचा प्रश्नही नेमका हाच आहे. लाकडाची पोकळ पेटी, धातूच्या तारा आणि घोड्याच्या केसांचा गज यांनी बनलेले वाद्य हे मेघाइतकेच अचेतन असते.

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील मोठे वाद्य. वादक ते गुडघ्यांमध्ये उभे धरून बसतो. त्याच्या चार तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतराने लावलेल्या असतात, आणि सतारीसारखे पडदे नसल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेने घसरत जाता येते. त्याचा पल्ला पुरुषाच्या खर्जापासून स्त्रीच्या तारसप्तकाच्याही वर जातो, म्हणूनच माणसाच्या कंठाला सर्वांत जवळचे वाद्य अशी त्याची ख्याती आहे. कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांना समोरासमोर ठेवणारी दीर्घ रचना. ती कधी संवादाची असते, कधी स्पर्धेची, आणि आधुनिक काळात अनेकदा एकाकीपणाची. एक आणि अनेक यांचे नाते हा तत्त्वज्ञानाचा विषय या रचनाप्रकारात शब्दांविना, केवळ मांडणीतूनच उभा राहतो.

जॉन टॅव्हनर (१९४४–२०१३) या इंग्रज संगीतकाराची ‘द प्रोटेक्टिंग व्हेल’ ही रचना या दृष्टीने विशेष विचारात घेण्यासारखी आहे. टॅव्हनर १९७७ मध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात गेला, म्हणजे रोमच्या पोपची सत्ता न मानणाऱ्या पूर्वेकडील प्राचीन परंपरेत. आणि त्यानंतरची त्याची बहुतेक निर्मिती उपासनेशी जोडलेली राहिली. चेलोवादक स्टीव्हन इसर्लिस याने त्याच्याकडे एक लहानशी रचना मागितली होती. प्रत्यक्षात तयार झाली ती पाऊण तासाच्या आसपास चालणारी, चेलो आणि केवळ तंतुवाद्यांचा वृंद यांच्यासाठीची अखंड रचना, आणि १९८९ मध्ये लंडनच्या प्रॉम्स या संगीतमहोत्सवात इसर्लिसनेच ती प्रथम सादर केली. रचनेच्या नावामागे एक श्रद्धाकथा आहे. दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल शहरावर परचक्राचे सावट असताना तेथील ब्लाखेर्ने येथील चर्चमध्ये अँड्र्यू नावाच्या, वेडगळ दिसणाऱ्या संताला दर्शन झाले की येशूची माता मरिया आपला पदर सर्व भक्तांवर पांघरीत आहे. ऑर्थोडॉक्स पंथ या घटनेचा उत्सव आजही करतो.

टॅव्हनरने या कथेतील एकही शब्द गायला लावलेला नाही. चेलो हाच त्याच्या योजनेत मातेचा कंठ आहे, आणि तो कंठ सुरुवातीपासून शेवटापर्यंत थांबत नाही. वृंदातील इतर वाद्ये जणू त्या एकाच गाण्याचा विस्तार करतात. नेहमीच्या कॉन्चेर्टोत वृंदाला आपली स्वतंत्र बाजू असते, वादकाला विसावा देणारे लांब पल्ले असतात. येथे ते नाहीत. आरंभीच चेलो आपल्या पल्ल्याच्या अगदी वरच्या टोकाला, जेथे तार पातळ आणि काहीशी ताणलेली वाजते, तेथे लांबच लांब स्वर धरतो. आठ भागांपैकी पाचवा भाग हा क्रूसापाशी उभ्या असलेल्या मातेचा विलाप आहे, आणि तेथे संपूर्ण वृंद गप्प होतो. बाकीच्या वाद्यांचा आधार काढून घेतल्यावर चेलोचा एकटा आवाज त्या मोठ्या सभागृहात किती लहान भासत असेल, आणि त्या लहानपणातच त्याचे सामर्थ्य कसे आहे, हे ध्वनिमुद्रणावरूनही कळते: गजाने दिशा बदलतानाची घासट ऐकू येते, स्वराच्या कडा थरथरतात, दोन उद्गारांमधल्या जागा श्वासासारख्या वाटतात. शोकाचे वर्णन करणारे कोणतेही काव्य या विलापाला जोडले असते, तर तो अधिक स्पष्ट झाला असता. अधिक खोल झाला असता असे म्हणता येत नाही.

परंतु येथेच पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भागांची नावे श्रोत्याला सांगितलीच नाहीत, तर त्याला या स्वरांत मरिया दिसेल काय? ऑस्ट्रियाचा समीक्षक एदुआर्द हान्सलिक याने १८५४ मध्ये मांडलेल्या मताप्रमाणे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. संगीताचा आशय म्हणजे नादांच्या चालत्या आकृती, त्यापलीकडे जे ऐकू येते ते श्रोत्याने स्वतः आणलेले असते. या मताला आधुनिक चेलो-वाङ्मयातच एक मोठा आधार सापडतो. पोलंडचा संगीतकार विटोल्ड लुटोस्लाव्स्की याचा चेलो कॉन्चेर्टो १४ ऑक्टोबर १९७० रोजी लंडनमध्ये चेलोवादक म्स्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच याने प्रथम वाजविला. त्याच्या आरंभी चेलो एकटाच, समान अंतराने, अलिप्तपणे एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजवीत राहतो, मधूनच काही खेळकर, काही चिडखोर विचार त्याला सुचतात, तो पुन्हा त्या स्वराकडे येतो. आणि काही मिनिटांनी पितळी तुताऱ्या त्याच्यावर तुटून पडतात. रोस्त्रोपोविचला या रचनेत सत्तेपुढे उभ्या असलेल्या एकट्या माणसाची कहाणी ऐकू आली, आणि ती ऐकू येण्याला कारणही होते: त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने लेखक सोल्झेनित्सिन याच्या बचावासाठी जाहीर पत्र लिहून सोव्हिएत राजवटीचा रोष ओढवून घेतला. लुटोस्लाव्स्कीने मात्र हा राजकीय अर्थ मान्य केला नाही. रचणारा एक म्हणतो, वाजविणारा दुसरे ऐकतो, आणि स्वर दोघांपैकी कोणाच्याही बाजूने साक्ष देत नाहीत.

हा पेच सोडविण्याची वाट काश्मिरात नवव्या शतकात होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने दाखविली आहे, आणि पाश्चात्त्य वादात अडकलेल्या अभ्यासकांनी ती अधिक आस्थेने पाहायला हवी. त्याच्या ‘ध्वन्यालोका’चा मुख्य सिद्धान्त असा की शब्दाला वाच्य अर्थ, म्हणजे कोशातला थेट अर्थ, असतो, पण काव्याचा आत्मा त्यापलीकडच्या ध्वनीत, म्हणजे सूचित होणाऱ्या अर्थात असतो. सूचना हे वाच्यार्थाचेच शेपूट आहे, असे म्हणणाऱ्यांना त्याने जे उत्तर दिले, त्यात त्याने गीताच्या स्वरांचा दाखला घेतला: ज्या नादांना काहीही वाच्य अर्थ नाही, तेही रसाची प्रतीती करून देतात, तेव्हा सूचनाशक्ती ही वाचकशक्तीहून स्वतंत्र असली पाहिजे. या मांडणीने हान्सलिकचे अर्धे म्हणणे खरे ठरते आणि अर्धे गळून पडते. स्वर काही सांगत नाहीत हे खरे. म्हणून त्यांतून काही कळत नाही, हे खरे नाही. लुटोस्लाव्स्की आणि रोस्त्रोपोविच यांचे भांडण वाच्यार्थाबद्दलचे होते. त्या तुताऱ्यांच्या आघातातला त्रास, एकट्या आवाजाचा कोंडमारा, हे दोघांपैकी कोणीच नाकारलेले नव्हते.

मरिया दिसेल काय, या प्रश्नाचे उत्तरही येथूनच मिळते. नाव, गाव, काळ हे शब्दाचे क्षेत्र आहे; ते स्वराला साधत नाही. भट्टनायकाने रसविचारात साधारणीकरणाची कल्पना मांडली, म्हणजे कलाकृतीतला शोक अमक्याचा किंवा तमक्याचा न राहता ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या सर्वांचा होतो. शब्दप्रधान कलेला यासाठी एक पायरी चढावी लागते: सीता आधी जनकाची मुलगी असते, मग विरहिणी होते. वाद्याचा स्वर मात्र मुळातच त्या पायरीवर उभा असतो. म्हणून पाचव्या भागात रामटेकच्या श्रोत्याला मरिया दिसली नाही, तरी मुलगा गमावलेली आई त्याला ऐकू येऊ शकते. ऑर्थोडॉक्स पंथाचे जे खास आहे ते गळते, आणि जे उरते ते कोणत्याही पंथाच्या मालकीचे राहत नाही. टॅव्हनरलाही नंतर या दिशेने जावेसे वाटले असावे. २००३ मधील ‘द व्हेल ऑफ द टेंपल’ या रात्रभर चालणाऱ्या रचनेत त्याने इतर भाषांबरोबर संस्कृतही घेतली. श्रद्धेच्या दृष्टीने हे गळणे तोट्याचे आहे, हे मान्य करावे लागेल. ज्याची प्रार्थना विशिष्ट देवाला उद्देशून आहे, त्याला नुसत्या स्वरावर समाधान मानता येत नाही.

कालिदासाने हे सर्व एका श्लोकात दाखवून ठेवले आहे. अलका नगरीत यक्षाची वाट पाहणाऱ्या यक्षिणीचे वर्णन करताना तो म्हणतो की मळकट वस्त्र नेसलेली ती मांडीवर वीणा घेऊन पतीच्या नावाचे पद गाऊ पाहते, डोळ्यांतल्या पाण्याने तारा भिजतात, ती त्या कशाबशा पुसते, आणि स्वतःच बांधलेली मूर्च्छना पुन्हा पुन्हा विसरते. मूर्च्छना म्हणजे सात स्वरांची क्रमबद्ध चढउतार, रागाचा जुना सांगाडा. येथे शब्द आहेत, नावही आहे, पण ते गाण्यापर्यंत पोचतच नाही. ओल्या तारेचा बसका आवाज आणि हरवलेला क्रम एवढेच ऐकू येते. यक्षिणीची प्रार्थना नेमकी तिच्या तुटलेल्या मूर्च्छनेत आहे. चेलोच्या विलापातील त्या थरथरत्या कडांना संस्कृत वाङ्मयात याहून जवळचा सोयरा सापडणार नाही.

शब्दरहित उपासना ही भारतीय परंपरेला परकी गोष्ट मुळीच नाही. सामवेदाच्या गायनात ऋचेच्या अक्षरांमध्ये ‘हाउ’, ‘हाइ’ असे स्तोभ मिसळलेले असतात, म्हणजे ज्यांना अर्थ नाही पण जे गाळले तर साम बिघडते असे उद्गार. यास्काच्या ‘निरुक्ता’त कौत्साचे एक मत नोंदलेले आहे की मंत्रांना मुळात अर्थच नाही, यास्काने त्याचे खंडन केले, तरी असे मत वैदिकांच्या घरातच निघाले आणि जपून ठेवले गेले, हे महत्त्वाचे आहे. मराठी वाचकाला याहून जवळचा आधार ज्ञानेश्वरांचा आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात त्यांनी श्रोत्यांकडून शब्दांवाचूनच्या संवादाची अपेक्षा केली, आणि ‘अमृतानुभवा’चे सहावे प्रकरण शब्दखंडनालाच वाहिले, तेथे शब्दाची थोरवी मनापासून गाऊन झाल्यावर ते दाखवितात की स्वतःसिद्ध असलेल्या आत्म्याला दाखवून देण्याचे काम शब्दाकडे उरतच नाही. येथे एक सावधपणा मात्र हवा. ज्ञानेश्वरांनी शब्द ओलांडला तो मौनाच्या दिशेने. वाद्याचा स्वर शब्दाच्या अलीकडे आहे की पलीकडे, याचा निवाडा त्यांनी केलेला नाही.

तो निवाडा करण्याचा प्रयत्न तेराव्या शतकात महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त नादाचे दोन प्रकार सांगितले: आघाताशिवाय असणारा अनाहत आणि आघाताने उत्पन्न होणारा आहत. अनाहत नादाची उपासना मुनी करतात, ती मुक्ती देते, परंतु तिच्यात रंजन नाही. आहत नाद मात्र लोकांचे रंजनही करतो आणि भवबंधनही तोडतो. (याच यादव घराण्यातील रामचंद्राच्या काळचा शिलालेख रामटेकच्या लक्ष्मण मंदिरात आहे, ही गोष्ट येथे सहज आठवते.) शार्ङ्गदेवाची ही मांडणी धाडसाची आहे, कारण तिने आनंद आणि मोक्ष यांची फारकत नाकारली. गजाने घासलेली तार हा आहत नादाचा उघड प्रकार, आणि तरीही आधुनिक रचनाकारांना अनाहताच्या उंबरठ्याची ओढ लागलेली दिसते: जॉर्ज लिगेती याच्या १९६६ मधील चेलो कॉन्चेर्टोच्या आरंभी एकच स्वर इतक्या हळू उगवतो की तो सुरू केव्हा झाला हे श्रोत्याला सांगता येत नाही. शांततेतून स्वर आला की शांतताच स्वर झाली, हा संभ्रम तेथे हेतुपूर्वक निर्माण केलेला आहे.

रामगिरी आणि चेलो यांची प्रत्यक्ष गाठ एका माणसाच्या कामात पडते, आणि तिचा उल्लेख मराठीत फारसा होत नाही. ‘द प्लॅनेट्स’मुळे जगप्रसिद्ध झालेला इंग्रज संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट (१८७४–१९३४) संस्कृत शिकला होता, ऋग्वेदातील सूक्तांना त्याने चाली दिल्या, ‘सावित्री’ हा छोटा ऑपेरा लिहिला, आणि ‘मेघदूता’वरून ‘द क्लाउड मेसेंजर’ ही समूहगान, एकल स्त्रीस्वर व वाद्यवृंद यांची मोठी रचना केली. १९१३ मध्ये ती लंडनला सादर झाली, तिचे स्वागत थंडपणे झाले आणि होल्स्टला ते फार लागले. याच वर्षांच्या सुमारास, १९११ मध्ये, त्याने चेलो आणि वृंद यांसाठी ‘इन्व्होकेशन’, म्हणजे आवाहन, ही एकाच भागाची रचना लिहिली होती. मेघाला त्याने शब्द दिले, आवाहनाला दिले नाहीत. दोन्ही रचना शेजारी ठेवून ऐकल्या तर असे वाटते की समूहगानात कालिदासाचा प्रवास, नगरे, नद्या, कैलास हे सर्व आहे, पण रामगिरीवरचे एकटेपण चेलोच्या त्या लहान रचनेत जास्त आहे.

शेवटी प्रश्न उरतो तो उत्तराचा. प्रार्थना करणाऱ्याला कोणी तरी ऐकले असे कशावरून मानायचे? ‘मेघदूता’त मेघ एकदाही बोलत नाही. निरोप पोचला, शाप देणाऱ्या कुबेराचे मन द्रवले असे सांगणारे श्लोक काही प्रतींत आहेत, पण ते नंतर घातलेले मानले जातात. कालिदासाचे काव्य यक्षाच्या बोलण्यावरच संपते. संपण्यापूर्वी यक्ष मेघाला म्हणतो की तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ मी नकार असा लावीत नाही, कारण चातकांनी मागितले की तू आवाज न करताही त्यांना पाणी देतोस, आणि सज्जन याचकाला उत्तर देतात ते त्याचे काम करूनच. प्रार्थनेविषयी संस्कृत काव्यात जे काही म्हटले गेले आहे, त्यात या उद्गाराला फार वरचे स्थान द्यावे लागेल. ज्याच्याकडे मागायचे त्याची भाषा शब्दांची नाही, हे येथे गृहीत धरलेले आहे. आणि मग मागणाऱ्यानेही शब्दांवाचून मागितले, तर दोघांमध्ये उलट कमी अंतर राहते. वाद्याच्या स्वराला वाच्यार्थ नसणे ही प्रार्थनेच्या दृष्टीने उणीव आहे, हे मत त्यामुळे टिकत नाही.

कालिदासाच्या नावाने रामटेक-नागपुरात जे कार्यक्रम होतात, त्यांत ‘मेघदूता’चे मराठी समश्लोकी अनुवाद वाचले जावेत, शास्त्रीय गायन व्हावे, हे योग्यच आहे. मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात २००६ पासून देशाचा स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभा आहे. त्याच्यातील एका चेलोवादकाला आषाढाच्या पहिल्या दिवशी रामटेकला बोलवावे, त्याच्याकडून होल्स्टचे ‘इन्व्होकेशन’ आणि टॅव्हनरचा पाचवा भाग वाजवून घ्यावा, आणि वाजविण्याआधी श्रोत्यांना भागाचे नाव सांगू नये.